सोलापूर, लातूर, बार्शी, मिरज : अल्पसंख्याक पोरापोरींच्या पोलीस भरतीची तयारी एकत्र करायची का?

पहाटधावक
रविवार, सकाळी ६.४०

मागच्या भरतीत आमच्या मैदानावरचा एक मुलगा मैदानी चाचणीत ५० पैकी ४७ घेऊन आला. १६०० मीटरचे २० च्या २०, १०० मीटरचे १५ च्या १५, गोळाफेकीत तेवढे ३ गेले. त्या रात्री त्याच्या वडिलांनी सोलापुरातल्या आमच्या नई जिंदगी वस्तीत अख्ख्या गल्लीला चहा पाजला. लेखीत त्याला १०० पैकी ३८ पडले. पास व्हायला ४० लागतात.

आम्ही दोघांनी उत्तरतालिका लावून पाहिली. गणितात बरे होते, बुद्धिमत्तेत चांगले होते. मराठी व्याकरणात फक्त ५. हा मुलगा घरी उर्दू बोलतो, शेजारच्या आज्जीशी कन्नड बोलतो आणि बाजारात, मैदानात, माझ्याशी मराठी. त्याचं मराठी माझ्याइतकंच सरळ आहे. पण तत्पुरुष आणि द्वंद्व, कर्तरी आणि कर्मणी, 'कणिक तिंबणे' म्हणजे काय, हे त्याला कुणी कधी बसवून शिकवलंच नव्हतं. दहावीपर्यंत उर्दू माध्यम. मराठी होती, पण पास होण्यापुरती.

मी खेळाचा शिक्षक आहे. सहा वर्षं पहाटे मुलांना पळवतो. माझी समजूत अशी होती की आपल्या मुलांचं मैदान कच्चं असतं, म्हणून ती मागे राहतात. मैदान पक्कं झालं आणि पोरगा व्याकरणावर पडला. ती चूक माझीही आहे, कारण सहा वर्षांत मी एकदाही व्याकरणाचं पुस्तक मैदानावर नेलं नाही.

आता मुद्द्याचं. सोलापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख होती आणि त्यात साधारण पाचातला एक मुसलमान. शिवाय बौद्ध, ख्रिश्चन, जैन, आणि भाषेनं वेगळे असलेले तेलुगू, कन्नड. पण पोलीस चौकीत गेलं की हा हिशोब दिसत नाही. देशभरची गोष्ट हीच. मुसलमानांची स्थिती तपासायला केंद्रानं नेमलेल्या सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के असताना पोलीस शिपायांत ते ६ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के असल्याचं त्यात नोंदवलंय. त्याच वर्षीच्या पंतप्रधानांच्या १५ कलमी कार्यक्रमात पोलीस भरतीत अल्पसंख्याकांकडे विशेष लक्ष द्यावं, असं राज्यांना सुचवलेलं आहे.

लातूरमध्ये माझा एक जुना सोबती शिक्षक आहे. त्याच्याकडे उलटं चित्र आहे. त्याची मुलं लेखीत ७०-७५ काढतात, पण गोळा फेकायला जागा नाही, फेक सुधारणारं कुणी नाही. बार्शीत दहा-बारा पोरं एकेकटी रस्त्याच्या कडेनं पळतात. मिरजेत मुली तयार आहेत, पण त्यांना घेऊन पळणारी बाई नाही. प्रत्येक गावाकडे थोडं काहीतरी आहे, पुरेसं कुणाकडेच नाही.

ही तीन-चार गावं एकत्र आली तर? मैदान आमचं, मराठीच्या नोट्स लातूरच्या, सराव पेपर सगळ्यांचा एकाच दिवशी. कुणाला यात हात घालायचाय का? जमणार नाही असं वाटत असेल तर तेही सांगा, पण कारणासकट.

---

नितळ_मत
रविवार, सकाळी ८.१५

सर, तुमची तळमळ पोचली. पण मला हे पटत नाही आणि मी ते स्पष्ट लिहितो. पोलिसाला धर्म नसावा. अंगावर खाकी चढली की तीच त्याची जात. आपण 'अल्पसंख्याक पोलीस' असा शब्द वापरायला लागलो की उद्या लोक 'आमच्या मोहल्ल्यात आमचाच फौजदार हवा' म्हणतील. गरीब पोरं सगळ्या समाजात आहेत. मैदान खुलं ठेवा, ज्याला यायचं तो येईल.

---

निवृत्त_फौजदार
रविवार, सकाळी ९.०२

नितळ_मत, मी ३४ वर्षं खाकी घातली. तुमचं वाक्य मी स्वतः नव्या पोरांना शेकडो वेळा ऐकवलंय आणि मनापासून ऐकवलंय. पण एक प्रसंग सांगतो.

रात्री साडेअकराला एक बाई ठाण्यात आली. विडी कामगार, वय पन्नाशीचं. कपाळावर खोक पडलेली. ती तेलुगूत बोलत होती, रडत होती. ड्युटीवरच्या पाच जणांपैकी एकालाही कळेना. आम्ही तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं, समोरच्या पानटपरीवाल्याला उठवून आणलं. त्यानं मराठीत सांगितलं ते एवढंच, की 'नवऱ्यानं मारलंय'. ती जे दहा मिनिटं सांगत होती त्याचं त्यानं एक वाक्य केलं. तेच फिर्यादीत आलं. सकाळी तिची मुलगी आली तेव्हा समजलं की मारणारा नवरा नव्हताच, दीर होता आणि भांडण घराच्या जागेवरून होतं.

आमच्यातला कुणी वाईट नव्हता. पण त्या रात्री ठाण्यात एक तेलुगू बोलणारी पोरगी असती तर त्या बाईला न्यायासाठी पानटपरीवाल्यावर अवलंबून राहावं लागलं नसतं.

ताणतणावाच्या दिवसांचंही तसंच. विजापूर वेशीत, बेगम पेठेत बंदोबस्त लागला की आम्ही आधी कुणाला पुढे पाठवायचो? ज्याला तिथली म्हातारी माणसं 'बेटा' म्हणून हाक मारतात त्याला. असा माणूस पलटणीत एक-दोनच असायचा आणि त्याच्यावर फार ओझं पडायचं. असे दहा असते तर ते ओझं वाटलं गेलं असतं. खाकीला जात नसते हे खरं. खाकीला कान असतात, आणि त्या कानांना शहराच्या सगळ्या भाषा कळायला हव्यात.

---

पूर्वभागातली
रविवार, सकाळी १०.२०

फौजदार काका, तुमचा प्रसंग वाचून पोटात कालवलं. माझी आई ३० वर्षं विड्या वळते. कारखान्यातून रोज पानं आणि तंबाखू घेऊन यायची, घरी वळायची, तयार विड्या द्यायला परत जायची. आमच्या घरात मराठी आली ती शाळेतून, माझ्या मार्फत.

सर, तुमच्या धाग्यात एक भर घाला. अल्पसंख्याक म्हणजे फक्त धर्मानं नाही. पूर्व भागात, कुंभारीच्या विडी घरकुलात, अक्कलकोट रोडला हजारो घरांत तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर तालुक्यात कन्नड. या घरांतल्या मुलींची अडचण अगदी तुमच्या त्या मुलासारखीच आहे, तेच समास आणि तेच प्रयोग.

आणखी एक. आमच्या पद्मशाली समाजाला राज्यात विशेष मागास प्रवर्गाचं २ टक्के आरक्षण आहे. माझ्या वर्गातल्या किती मैत्रिणींना हे माहीत होतं? मला स्वतःला बारावीनंतर कळलं, तेही फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्यानं विचारलं म्हणून.

---

नितळ_मत
रविवार, सकाळी १०.५८

काका, भाषेचा मुद्दा मला मान्य. त्या बाईच्या बाबतीत जे झालं ते व्हायला नको होतं. पण मग भाषा येणारे पोलीस घ्या की. त्यासाठी धर्म कशाला? आणि अशानं निकष खाली येतील याची भीती राहतेच.

---

पहाटधावक
रविवार, दुपारी १२.३०

नितळ_मत, निकषाबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं झालं. अनेकांच्या मनात हेच असतं.

मी कोणताही निकष खाली आणायला सांगत नाही. पुरुषांना १६५ सेंटीमीटर उंची, मुलींना १५५. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. मैदानाचे ५०, लेखीचे १००, एका जागेमागे दहा जण लेखीला. हे सगळं जसंच्या तसं. धर्मावर जागा राखून ठेवायला मी सांगत नाही, आणि मागितली तरी मिळणार नाही. सरकारी नोकरीत केवळ धर्मामुळे भेद करायला घटनेच्या १६ (२) कलमानं मनाई आहे. २०१४ मध्ये राज्यानं मुसलमानांतल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला होता. उच्च न्यायालयानं त्याच नोव्हेंबरात नोकऱ्यांपुरती त्याला स्थगिती दिली आणि पुढे अध्यादेशाची मुदतही संपली. त्या वाटेवर वाट बघत बसलो तर आजचा १९ वर्षांचा पोरगा २८ चा होऊन वयाबाहेर जाईल.

मी मागतोय ते एवढंच, की दाराशी पोचायची ताकद द्यावी. तुम्ही म्हणता मैदान खुलं ठेवा, ज्याला यायचं तो येईल. मैदान खुलंच आहे. पण २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. त्या गर्दीत माझ्या वर्गातल्या ४० मुलांपैकी किती जणांनी फॉर्म भरला, सांगू? तिघांनी. बाकीच्यांना विचारलं तर एकच उत्तर : 'सर, हमको कौन लेगा?' त्यांना मैदानावर कुणी अडवलं नव्हतं. ती मैदानापर्यंत गेलीच नव्हती.

---

भरतीतली
रविवार, दुपारी १.४५

मी स्वतः शिपाई आहे, कुठे ते लिहीत नाही. घरची पहिली. 'हमको कौन लेगा' हे मी पण म्हणायचे. सरांना एकच सांगते : मुलांना एखाद्या नोकरीतल्या माणसाशी भेटवा. भाषण नको, चहा प्यायला बसवा. मी पहिल्यांदा वर्दीतली मुसलमान बाई बघितली तेव्हा मी १७ वर्षांची होते आणि माझं त्या दिवशीच ठरलं होतं.

ट्रेनिंगमध्ये त्रास झाला का, असं लोक विचारतात. पहिले दोन महिने सगळ्यांनाच होतो. रमजानमध्ये माझ्या बॅरकमधल्या चार हिंदू मैत्रिणी सहरीला माझ्यासोबत उठून बसायच्या, मला एकटं वाटू नये म्हणून. पुढे पोस्टिंगमध्ये काही बोचणारे शब्दही ऐकले, तेही खोटं नाही. पण मी टिकले आणि आज माझ्याकडे बायका येऊन मनातलं बोलतात.

---

दाखलेवाला
रविवार, दुपारी ३.१०

माझं सेतू-सुविधेचं काम आहे, रोज दाखलेच काढतो. सरांनी व्याकरण सांगितलं. माझ्या टेबलावर पोरं त्याच्याही आधी पडतात. वाचा आणि घरी जाऊन कागद शोधा.

मोमीन, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा कित्येक मुस्लिम जाती महाराष्ट्रात ओबीसीत आहेत. छप्परबंद भटक्या-विमुक्तांत आहेत. म्हणजे धर्मावर नाही, पण जातीच्या मागासपणावर आरक्षण आज आत्ता उपलब्ध आहे. वयाची सवलत मिळते, ३३ पर्यंत. पण त्यासाठी जातीचा दाखला लागतो आणि दाखल्यासाठी जुना पुरावा. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातीला १९५० चा.

इथे खरी गोची होते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' लिहिलेलं असतं. गुरुजींनी त्या काळी पुढे विचारलंच नाही आणि आजोबांनीही सांगितलं नाही. आता नातू मोमीन आहे हे सिद्ध कसं करायचं? मी लोकांना सांगतो की एका कागदावर थांबू नका. चुलत आजोबांचा दाखला बघा, आजोबांच्या बहिणीचा बघा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. गावाकडचं कोतवाल बुक तपासा, जन्म-मृत्यूच्या नोंदीत कधीकधी जात पूर्ण लिहिलेली सापडते. जुनी खरेदीखतं बघा. एका घराला मी चुलत पणजोबांच्या नोंदीवरून दाखला मिळवून दिलाय, त्याला सात महिने लागले.

म्हणून कळकळीनं सांगतो, जाहिरात आल्यावर माझ्याकडे येऊ नका. दहावीचा निकाल लागला की या. जाहिरात आल्यावर अर्जाला महिनाभर मिळतो आणि तेवढ्यात १९६७ सापडत नाही. नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्याची (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) तारीखही बघून ठेवा. ती चुकली म्हणून ओबीसीतला मुलगा खुल्यात गेलेला मी पाहिलाय.

आणि सर, ज्यांचे आजोबा कर्नाटकातून आले आणि १९६७ ला तिकडेच राहत होते, त्यांना महाराष्ट्रातल्या ओबीसीचा फायदा मिळत नाही. सोलापुरात अशी घरं बरीच आहेत. त्यांना उगाच आशा लावू नका, त्यांची तयारी खुल्या प्रवर्गाची समजूनच करा.

---

लातूरचा_मास्तर
रविवार, दुपारी ४.०५

तो लातूरचा जुना सोबती मीच.

दाखलेवाले भाऊ, तुमची पोस्ट छापून आमच्या फळ्याशेजारी लावतो. ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 'महाज्योती' ही सरकारी संस्था आहे आणि तिथून पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण मिळतं. म्हणजे पूर्वभागातली ताई, तुमच्या मैत्रिणींना आणि आमच्या मोमीन-तांबोळी मुलांना एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. हे लोकांना माहीतच नसतं, कारण 'महाज्योती'चं नाव ऐकलं की आपल्यासाठी नाही असं ते समजतात. अल्पसंख्याक विकास विभागाची स्वतंत्र भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजनाही आहे. २०२४ मध्ये 'मार्टी' ही अल्पसंख्याकांसाठीची संशोधन व प्रशिक्षण संस्थाही मंजूर झाली.

योजना कागदावर चांगल्या आहेत. आमच्या भागात एका वर्षी प्रशिक्षणाची तुकडी सुरू झाली तेव्हा मैदानी चाचणीला तीन आठवडे उरले होते. तीन आठवड्यांत कुणाचंही १६०० मीटर सुधारत नाही, पाय मात्र दुखावतात. दोन मुलांच्या नडगीला सूज आली आणि ती चाचणीला उभीच राहिली नाहीत. म्हणून मी म्हणतो, सरकारी तुकडी मिळाली तर ती वरची साय समजा. दूध आपलं आपण तापवायचं, बारा महिने.

---

थंडीतला_सोलापूरकर
रविवार, संध्याकाळी ६.३०

मी अमेरिकेत मिनेसोटात असतो, मूळचा साखर पेठेतला. इकडची व्यवस्था सांगतो, कारण 'शहरांनी एकत्र यायचं' हे इकडे बऱ्याच ठिकाणी चाललंय आणि त्यातलं काही आपल्याला चालेल, काही नाही.

इकडे बहुतेक पोलीस राज्याचे नसतात, त्या त्या शहराचे किंवा काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) असतात. देशात १८ हजारांच्या आसपास पोलीस यंत्रणा आहेत, त्यातल्या कित्येक पन्नासेक माणसांच्या. २०१४ मध्ये मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहरात पोलिसाच्या गोळीनं एक काळा तरुण मेला आणि आंदोलन पेटलं तेव्हा जगाला कळलं, की दोन तृतीयांश काळ्या वस्तीच्या त्या गावात ५३ पोलिसांपैकी ५० गोरे होते. ही काही नवी तक्रार नव्हती. दंगलींची कारणं शोधायला नेमलेल्या कर्नर आयोगानं १९६८ मध्येच काळ्या पोलिसांची भरती वाढवा म्हणून सांगितलं होतं.

छोट्या शहरांची अडचण अशी, की सगळी त्याच थोड्या उमेदवारांमागे लागतात. उमेदवाराला प्रत्येक शहराचा वेगळा फॉर्म, वेगळी परीक्षा, वेगळी मुलाखत. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो दुसऱ्या फॉर्मलाच थकतो. म्हणून शेजारची शहरं मिळून एक परीक्षा घेतात, मेळावे एकत्र भरवतात. मिनेसोटात पोलीस व्हायला कॉलेजचं शिक्षण आणि राज्याचा परवाना लागतो. ज्यांची पदवी दुसऱ्याच विषयातली आहे त्यांच्यासाठी इथे 'पाथवेज टू पोलिसिंग' नावाचा कार्यक्रम निघाला. त्यात काही शहरं आणि काउंटी मिळून उमेदवाराच्या शिक्षणाचा खर्च करतात आणि शिकत असताना पगारही देतात. पगार हा मला कळीचा मुद्दा वाटतो. गरीब घरातला माणूस सहा महिने बिनपगारी अभ्यास करू शकत नाही, मग तो इथे येऊन राहिलेला सोमाली असो की नई जिंदगीतला.

उत्तर आयर्लंडचंही सांगतो. तिथे कॅथलिक लोकसंख्येत खूप, पण पोलिसात साधारण ८ टक्के होते. १९९९ च्या पॅटन आयोगानंतर २००१ पासून दहा वर्षं भरतीत निम्मे कॅथलिक आणि निम्मे बाकीचे, असा नियम केला. आधी सगळ्यांनी पात्रता परीक्षा पास व्हायची आणि मग त्या यादीतून निम्मे-निम्मे. २०११ मध्ये नियम बंद केला तेव्हा प्रमाण ३० टक्क्यांच्या जवळ गेलेलं होतं. सरांनी लिहिलंय तसं आपल्या घटनेत हे बसणार नाही. पण नितळ_मत यांची निकषांची शंका होती म्हणून लिहिलं.

आपल्याकडे भरती राज्याची आहे, पेपर राज्यभर एकाच धाटणीचा, मैदानाचे गुण सगळीकडे तेच. म्हणजे शहरांना भरती एकत्र करता येणार नाही, पण तयारी एकत्र करणं आपल्याला इकडच्यापेक्षा सोपं आहे. सोलापूरचा सराव पेपर मिरजेला जसाच्या तसा चालतो. आणि खर्चाचं म्हणाल तर दोन मुलांचा बूट-खुराकाचा वर्षाचा खर्च मी करतो. व्यक्तिगत निरोपात खाते क्रमांक पाठवा.

---

अम्मी_बेगमपेठ
रविवार, रात्री ९.१५

माझी मुलगी १९ वर्षांची. उंची १५६. तिला पोलीस व्हायचंय. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

माझी भीती भरतीची नाही. पहाटे पाचला अंधारात ती एकटी पळायला जाणार याची आहे. कुत्री, टवाळ पोरं, आणि मग लोकांची तोंडं. तिचे अब्बू रिक्षा चालवतात, पहाटे स्टेशनला असतात. मी सोबत जाईन म्हणते, पण माझे गुडघे दुखतात. मुलींना ३० टक्के जागा आहेत असं ती मला रोज सांगते. जागा आहेत, पण त्या जागेपर्यंतचा रस्ता अंधाराचा आहे. त्याचं काही करता येईल का?

---

पूर्वभागातली
रविवार, रात्री ९.४०

अम्मी, तुम्ही बाकावर बसा, पळायचं आम्ही बघू. आम्ही सहा मुली आहोत, चार तेलुगू, एक कन्नड, एक मराठी. सध्या कंबर तलावाच्या बाजूला फेऱ्या मारतो. माझा मामा रिक्षानं सोडतो आणि तिथेच पेपर वाचत थांबतो. तुमची मुलगी सातवी. परतताना मामा तिला दारात सोडेल. तुम्ही पहिले आठ दिवस सोबत या आणि स्वतः बघा.

---

अम्मी_बेगमपेठ
रविवार, रात्री ९.५२

मामांचा नंबर निरोपात पाठव बेटा. मंगळवारी येतो आम्ही दोघी.

---

नितळ_मत
सोमवार, सकाळी ७.२०

रात्री हे सगळं परत वाचलं. 'अल्पसंख्याक पोलीस' या शब्दाबद्दल माझं मत अजून तेच आहे, मला तो शब्द नको वाटतो. पण ४० पैकी तिघांनीच फॉर्म भरला, हे मी विसरू शकलो नाही.

मी मराठीचा पदवीधर आहे, स्पर्धा परीक्षेचं व्याकरण शिकवलंय. रविवारी दोन तास मोकळा असतो. सर, चालेल का? माझी एकच अट आहे. वर्ग सगळ्यांना खुला हवा. गल्लीतला मराठा पोरगा आला तर त्यालाही बसू द्यायचं.

---

पहाटधावक
सोमवार, सकाळी ७.४८

चालेल काय, धावत या! आणि अट मला शंभर टक्के मान्य. आमच्या मैदानावर आजही धनगर, मराठा, लिंगायत मुलं पळतात. वर्ग उर्दू शाळेच्या खोलीत भरेल एवढंच, मुख्याध्यापकांशी काल रात्रीच बोललो.

एक विनंती. पहिल्या दिवशी समास नको. पहिल्या दिवशी म्हणी आणि वाक्प्रचार घ्या. या मुलांना ते आवडतं, कारण प्रत्येकाच्या घरच्या भाषेत त्याच्या जोडीची म्हण असते आणि ती सांगायला हात वर होतात. मी एकदा 'नाचता येईना अंगण वाकडे' विचारलं तर उर्दू आणि कन्नड अशा दोन भाषांत जोड्या मिळाल्या आणि मग ती कुणीच विसरलं नाही. प्रयोग आणि समास त्यानंतर.

सामान्य ज्ञानासाठी मी एक रविवार मुलांना हुतात्मा चौकात नेणार आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना एकत्र फाशी झाली. माझी मुलं रोज त्या चौकातून जातात. गेल्या वर्षी विचारलं तेव्हा चारही नावं सांगणारं एकच निघालं होतं.

---

बार्शी_स्टँड
सोमवार, सकाळी ८.३०

बार्शीहून पाच जण. चार मुलगे, एक मुलगी. दर रविवारी सोलापूरला येणं परवडणार नाही, तिकिटालाच पैसे जातील. महिन्यातून एकदा येऊ शकतो. बाकीचे रविवार फोनवरून व्याकरणाचा वर्ग दिसेल का?

---

निवृत्त_फौजदार
सोमवार, सकाळी ९.१०

फोन तिवईवर लावून देतो, माझा नातू ते करतो.

एक गोष्ट सगळ्या मुलांना माझ्या वतीनं सांगा. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. मोर्चात, मिरवणुकीत, चौकातल्या भांडणात नाव आलं आणि गुन्हा दाखल झाला, तर पुढे निर्दोष सुटला तरी पोरगा कार्यालयांचे खेटे घालत बसतो. आणि एखाद्यावर आधीच गुन्हा असेल तर त्यानं फॉर्ममध्ये लपवू नये. लपवलं म्हणून घरी गेलेली हुशार मुलं मी पाहिलीत. खरं लिहिलं तर निदान बाजू मांडता येते. कुणाची अशी अडचण असेल तर माझ्याकडे पाठवा, कागद वाचून सांगतो.

---

लातूरचा_मास्तर
सोमवार, सकाळी १०.२५

आमच्याकडून व्याकरणाच्या वह्या पाठवतो. तीन वर्षांचे प्रश्न विषयवार लावलेले आहेत, एकूण चार वह्या. बदल्यात एकच मागणी. आमच्या मुलींकडे ४ किलोचा गोळा नाही. दगड फेकून सराव करतात आणि हाताची पकडच चुकीची बसते.

---

पहाटधावक
सोमवार, सकाळी १०.४०

मुलींचे गोळे आमच्याकडे दोन आहेत. एक आज दुपारच्या लातूर गाडीनं पाठवतो, स्टँडवर उतरवून घ्या. पकड कशी धरायची त्याची चित्रफीत संध्याकाळी पाठवतो. हाताच्या तळव्यावर गोळा टेकवायचा नाही, बोटांच्या मुळाशी ठेवायचा, मानेला लावून. वह्या येताना पुसून, नव्यासारख्या करून पाठवू नका मास्तर. तुमच्या मुलांनी जिथे चुका केल्यात त्या खुणा तशाच राहू द्या, आमच्यांना त्याच लागणार आहेत.